हर्णैचा लिलाव आणि बोटीवरचा जीपीएस

नमस्कार मंडळी! मागे हा जो गलका ऐकू येतोय, तो हर्णैच्या मासळी लिलावाचा. शेकडो माणसं एकदम बोलतायत. तरी पापलेटच्या टोपलीशी बसलेल्या त्या मावशींना मुलाची हाक बरोबर कळली. मोठी होती म्हणून नाही, ओळखीची होती म्हणून.

आता चला बोटीवर. तांडेलकाकांनी, म्हणजे बोटीच्या कप्तानांनी, केबिनमध्ये शूटिंग करू दिलंय. हा त्यांचा जीपीएस. जाळी कुठे खडकाला लागून फाटतात, त्या जागा यात खुणा करून ठेवल्यात. हे बघा, एकाच पट्ट्यात सात खुणा!

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचावर. तिथून इथे येईतो सिग्नल इतका क्षीण होतो, की रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीखाली बुडून जातो. त्यात सगळे उपग्रह एकाच १५७५.४२ मेगाहर्ट्झवर बोलतात. मग ऐकायचं कुणाचं?

प्रत्येक उपग्रहाचा १०२३ तुकड्यांचा स्वतःचा कोड असतो आणि तो दर मिलिसेकंदाला पुन्हा सुरू होतो. उपग्रह आपला संदेश या कोडने गुणून फ्रिक्वेन्सीच्या रुंद पट्ट्यात पसरवतो. रिसीव्हरला तो कोड पाठ असतो. तो ताल जुळवून पुन्हा गुणतो आणि पसरलेला संदेश गोळा होतो. आता नीट ऐका, मला सगळ्यात आवडतो तो भाग हा आहे. मध्येच घुसलेला परका सिग्नल उपग्रहाच्या कोडमधून गेलेलाच नसतो. रिसीव्हरने गुणलं की तो गोळा व्हायच्या ऐवजी पसरतो, पातळ होतो. एकाच गुणाकाराने आपलं माणूस जवळ येतं आणि परकं लांब जातं!

दुसरी युक्ती उड्या मारण्याची, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर न थांबता सतत चॅनल बदलत राहण्याची. हेडी लामार ही अभिनेत्री आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ साली या युक्तीचं पेटंट मिळालं, पाणतीराच्या (टॉर्पेडोच्या) रेडिओ नियंत्रणासाठी. तुमच्या कानातलं ब्लूटूथही सेकंदाला १६०० वेळा चॅनल बदलू शकतं.

पण पसरवणं म्हणजे कुलूप नव्हे. शेजारी जबर ताकदीचा जॅमर, म्हणजे सिग्नल दाबून टाकणारं यंत्र, लावला तर जीपीएस आंधळा होतो. नागरी कोड सगळ्यांना खुला आहे, त्यामुळे खोटा सिग्नलही बनवता येतो.

म्हणून बंदरात शिरताना काका स्क्रीनवरून नजर काढतात आणि सुवर्णदुर्ग कुठल्या हाताला आहे ते आधी बघून घेतात.