मामाची पपईची पावडर

नमस्कार श्रोतेहो. कच्च्या पपईची फोड टाकली की मटण लवकर शिजतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ती करामत पपेन या एन्झाइमची. पण गुडघेदुखीवर म्हणून हेच पपेन गोळीतून पोटात गेलं की बरंचसं तिथेच पचून जातं. एन्झाइम म्हणजे शेवटी प्रथिनच. गुडघ्यापर्यंत ते पोचणार कसं?

माझे मामा शहाद्याकडचे, घरची पपईची बाग. आणि या माणसाने आठवडे बाजारातून पपईची पावडर विकत आणली! 'पपईचं एन्झाइम आणि एकवीस जडीबुटी, गुडघेदुखी गायब.' तिसऱ्या दिवशी गुडघे मोकळे. चैत्रात मामा सप्तशृंगी गडावर पायी जाऊन आले. चेहरा गोल झाला, तर गावात म्हणायचे, तब्येत सुधारली. (वांग्याचं भरीतही हल्ली गॅसवर भाजतात आणि छान झालं म्हणतात. पऱ्हाट्यांवर भाजल्याशिवाय ते भरीत नव्हेच, पण असो.) मग तहान वाढली, रात्री चार-चारदा उठणं. साखर तीनशेच्या वर! डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही औषध घेता?" मामा म्हणाले, "काहीच नाही." मामींनी पिशवीतून पुडी काढली, तर मामा म्हणतात, "दवाई कोठे शे ती? झाडपाला शे!"

रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, या पुडीत स्टिरॉइड मिसळलेलं दिसतंय; झटपट आराम, गोल चेहरा, वाढलेली साखर, सगळं त्याचंच. एकदम बंदही करता येईना, कारण शरीरात स्वतःचं स्टिरॉइड तयार होणं मंदावलेलं. हळूहळू कमी करत दोन महिने गेले.

तर श्रोतेहो, झाडपाला असला तरी डॉक्टरांना सांगायचा. पुन्हा सांगते, झाडपाला असला तरी सांगायचा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी. तीन दिवसांत आराम पडला, तर आनंदाआधी शंका घ्यायची. पुडीवर काय लिहिलंय ते पाहायचं: आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवाना क्रमांक, पूरक आहार असेल तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा आकडी क्रमांक. क्रमांक आहे म्हणून गुण येईलच असं नाही. पण तोही नसेल, तर बनवणाऱ्याला धरायचं कुठे?

मामा पुढच्या बाजारी त्या विक्रेत्यापुढे जाऊन उभे राहिले. म्हणाले, "पक्कं बिल दे, दहा पुड्या घेतो." पाणी पिऊन येतो म्हणाला तो. मामा बाजार उठेपर्यंत तिथेच बसले होते.