बाबा लंडनला, फाइली पुण्याला

मंडळी, व्हीपीएन म्हटलं की जाहिरातीतलं ॲप डोळ्यांसमोर येतं. आज त्याबद्दल बोलायचं नाहीये. बोलायचंय ते घरच्या व्हीपीएनबद्दल, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंत इंटरनेटमधून जाणाऱ्या सुरक्षित, खाजगी बोगद्याबद्दल. समजा, तुमचे बाबा करसल्लागार आहेत. अशिलांची सगळी कागदपत्रं पुण्यातल्या घरच्या संगणकावर आणि बाबा निघालेत लंडनला, ताईकडे. तिथून त्यांना फाइली लागणारच. राउटर म्हणजे कोपऱ्यात दिवे लुकलुकणारा डबा, एवढीच त्यांची ओळख.

अशा वेळी काही उत्साही चिरंजीव राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं (दूरून संगणक चालवायच्या सोयीचं) 3389 पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दारच, उघडतात आणि मोकळे होतात. कृपा करून हे करू नका. अशी उघडी पोर्ट शोधून पासवर्डचे अंदाज मारणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात.

माझी पसंती वायरगार्ड या व्हीपीएन प्रोग्रॅमला. 2020 पासून तो लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच आहे. ओळखीची डिजिटल किल्ली नसेल तर तो उत्तरच देत नाही. दार वाजवणाऱ्याला घरात कोणी आहे की नाही, याचाही पत्ता लागत नाही. फोनमध्ये क्यूआर कोड स्कॅन करायचा, पासवर्डची भानगड नाही. वायफाय सोडून मोबाइल डेटावर गेलं तरी जोडणी टिकते.

खरी गोची घरच्या इंटरनेटची असते. आपल्याकडे बऱ्याच कंपन्या इंटरनेटवरचा एकच सार्वजनिक पत्ता (आयपी) अनेक घरांत वाटतात. राउटरच्या सेटिंगच्या पानावर बाहेरचा पत्ता पाहा. तो 100.64 ते 100.127 यांच्यात असेल, तर बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत थेट पोहोचताच येत नाही. मग कंपनीकडून पैसे भरून स्थिर पत्ता घ्या, नाहीतर टेलस्केल नावाच्या कंपनीची सेवा वापरा. तेही वायरगार्डवरच चालतं, फक्त दोन्ही टोकं आतून बाहेर पडून एकमेकांना गाठतात. शुद्धतावाद्यांना मधली कंपनी खटकते. मला बाबांचं काम अडलेलं जास्त खटकतं.

दुसरी गंमत पत्त्यांची. घरच्या नेटवर्कमधले पत्ते 192.168.1 ने सुरू होणारे आणि वाटेतल्या एखाद्या हॉटेलचेही तसेच निघाले, तर फोन घरचा संगणक हॉटेलातच शोधत बसतो! म्हणून निघण्याआधी घरचे पत्ते बदलून 10.73.41 असं काहीतरी आडवळणाचं ठेवा.

बोगद्यातून फक्त घरची वाहतूक जाऊ द्या. सगळंच इंटरनेट पुण्यामार्गे वळवलं, तर हॉटेलच्या वायफायचं लॉगिनचं पान बऱ्याचदा उघडतच नाही, आणि मग रात्री दोनला तुमचा फोन वाजतो.

चाचणी घरच्या वायफायवर घेऊ नका, त्यातून काहीच सिद्ध होत नाही. वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बाबांनाच फाइल उघडायला सांगा. तुम्ही हात मागे बांधून बसा. वीज जाऊन आल्यावर संगणक आपोआप सुरू होतो का, तेही मेन स्विच पाडून बघा.

फोन आणि लॅपटॉपला वेगवेगळ्या किल्ल्या द्या. एकच किल्ली दोन्हीकडे वापरली तर जोडणी इकडून तिकडे उड्या मारते. शिवाय फोन हरवला तर तेवढीच किल्ली घरून रद्द करता येते. आणि त्या क्यूआर कोडचा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. खाजगी किल्ली त्यातच असते.