आधी फुंकर मोजा, मग पार्ट घ्या

[दृश्य: नौपाड्यातल्या एका घरातली खोली. पलंगाच्या कठड्याला उभी पट्टी, पट्टीवर पारदर्शक नळी, नळीत लाल पाणी.]

बोलता न येणाऱ्या माणसाच्या श्वासावर चालणारं, त्याच्यासाठी आधीच रेकॉर्ड केलेली वाक्यं बोलणारं यंत्र बनवायचंय. खरेदीला निघण्याआधी ही नळी बांधायची. माशांच्या टाकीसाठी मिळते ती, आतून चार मिलिमीटर. इंग्रजी यू अक्षरासारखी वळवून अर्धी पाण्यानं भरायची. एका टोकातून फुंकर मारली की पाणी एकीकडे उतरतं, दुसरीकडे चढतं. दोन्ही पातळ्यांत दहा सेंटीमीटर फरक पडला तर दाब जवळपास एक किलोपास्कल.

धडधाकट माणसाला तीस सेंटीमीटर जड नाही. स्नायू अशक्त झालेल्या माणसाला चार सेंटीमीटरसुद्धा पुष्कळ वाटतात. म्हणून मोजमाप संध्याकाळी, दमल्यावर घ्यायचं. सलग दहा फुंकरा, आणि त्यांतली सगळ्यात दुबळी वहीत लिहायची. यंत्राला चालायचंय ते तिच्यावर. तसंच हवा ओढूनही मोजायचं. त्या वेळी तोंडाकडची बाजू उंच ठेवा, पाणी तोंडात जाता कामा नये. श्वासासाठी गळ्यात नळी बसवलेली काही माणसं छातीतून हवा न आणता नुसत्या गालांनी दाब देतात. तेवढा पुरतो. गिळायला त्रास असेल तर मात्र हे सगळं स्पीच थेरपिस्टच्या समोरच करा.

[दृश्य: टेबलावर वेगवेगळे सेन्सर.]

मायक्रोफोन स्वस्त, पण घरात सगळ्यात आधी फसतो तोच. डोक्यावर पंखा, खाली रस्त्यावरचे ट्रक, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी. त्याला यातलं काहीही फुंकर वाटू शकतं. थर्मिस्टर श्वासाची ऊब ओळखतो, पण मे महिन्यात खोलीच तापलेली असते, फरक उरतो कितीसा? उरला दाबाचा सेन्सर.

त्यातही आवाका बघा. चाळीस किलोपास्कलचं स्वस्त मॉड्यूल सहज मिळतं, पण चार सेंटीमीटरची फुंकर त्याच्या आवाक्याचा शंभरावा भाग. एमपीएक्स ५०१० डीपी हा सेन्सर दहा किलोपास्कलचा. ही फुंकर त्यावर सुमारे १७५ मिलिव्होल्ट देते. एमपीएक्सव्ही ७००२ डीपी उणे दोन ते अधिक दोन किलोपास्कल मोजतो. त्यावर तीच फुंकर ३९० मिलिव्होल्ट, म्हणजे आर्डुइनो नॅनोच्या (यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणक-बोर्डाच्या) मोजणीत ऐंशी अंक.

आमची निवड हाच, आणि कारण नुसते ऐंशी अंक नव्हेत. याचा शून्य अडीच व्होल्टवर असतो, त्यामुळे फुंकणं आणि ओढणं दोन्ही कळतं. फुंकलं की पुढचं वाक्य, ओढलं की ते वाक्य बोलायचं. छोटी फुंकर आणि लांब फुंकर असा भेद ठेवला तर श्वास धरून ठेवावा लागतो, आणि नेमकं तेच या माणसांना झेपत नाही.

ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, तिथून लॅमिंग्टन रोड. दुकानात हा सेन्सर मॉडेल विमानांचा ‘एअरस्पीड सेन्सर’ म्हणूनही मिळतो. तीन वायरींचा, ॲनालॉगच मागा.

[दृश्य: डबा उघडा, जोडणी जवळून.]

सेन्सरला दोन तोंडं असतात. एकाला नळी. दुसरं उघडंच राहायला हवं, पण डब्याच्या आत. पंख्याचा झोत थेट त्यावर आला तर यंत्र आपोआप बोलू लागतं. सेन्सर ओठांपेक्षा उंच बसवा, नळी खालून वर न्या आणि मध्ये पाणी न शोषणारा ०.२ मायक्रॉनचा फिल्टर घाला. लाळ सेन्सरमध्ये शिरली की तो गेला. ठाण्याच्या पावसाळ्यात नळीत वाफही लवकर साचते.

यंत्र सुरू होताच पहिले दोन सेकंद शून्य, म्हणजे फुंकर नसतानाचा आकडा, मोजायचा. दुबळी फुंकर ऐंशी अंकांची असेल तर चाळीस अंकांवर ‘सुरू’ आणि वीसवर ‘संपली’ धरायचं. दोन्ही आकडे सारखे ठेवले की एकच फुंकर तीनदा मोजली जाते. पाच सेकंदांहून जास्त दाब राहिला तर नळी अंगाखाली दबली असणार. तेव्हा बझर वाजू द्या.

आवाजासाठी डीएफप्लेअर मिनी (मेमरी कार्डवरचं रेकॉर्डिंग वाजवणारा छोटा बोर्ड), आठ ओहमचा स्पीकर, मेमरी कार्ड ३२ जीबीपर्यंतचं. नॅनोकडून येणाऱ्या सिग्नलच्या वायरीत एक किलोओहम रेझिस्टर घाला, नाहीतर स्पीकर खरखरतो. आवाज सुरू होताना करंट एकदम वाढतो आणि नॅनो रीसेट होतो. प्लेअरच्या पिनांजवळच ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. पॉवर बँक सोयीची वाटते, पण यंत्र शांत असताना करंट इतका कमी लागतो की कित्येक पॉवर बँका स्वतःहून बंद पडतात. ऐन रात्री ते परवडणार नाही. बोलावण्याची घंटा तर वेगळीच ठेवा, या यंत्राच्या भरवशावर नको.

[दृश्य: आठ दिवे, प्रत्येकाखाली हातानं लिहिलेली चिठ्ठी.]

सुरुवातीला आठ वाक्यं पुरेत, प्रत्येकाला एक दिवा. ‘पाणी हवंय.’ ‘कूस बदला.’ ‘पंखा कमी करा.’ ‘डास चावतोय.’ घरातल्याच कुणाच्या आवाजात रेकॉर्ड करा, पण आवाज कुणाचा आणि कुठलं वाक्य आधी, हे वापरणाऱ्यालाच विचारा. डोळ्यांच्या उघडझापीनं हो-नाही कळत असेल तरी विचारा. आठातलं एक वाक्य ‘आता मला एकटं राहू द्या’ हेही असू शकतं.