पितळ कुठे, ॲल्युमिनियम कुठे

रिमोटच्या ट्रकचे प्लास्टिकचे कोणते भाग बदलून धातूचे करावेत, हे पाहण्यासाठी उदाहरणाला घेतलेला ट्रक म्हणजे ट्रॅक्सस या अमेरिकी कंपनीने २०१७ साली बाजारात आणलेला टीआरएक्स-४. खऱ्या गाडीच्या एकदशांश आकाराचे हे रिमोटचे मॉडेल शर्यतीसाठी नसून खडकांवरून सावकाश चढण्यासाठी घडवलेले आहे. अशा गाडीला हौशी मंडळी क्रॉलर म्हणतात. प्रत्येक चाकाजवळ गिअरची एक जोडी असल्यामुळे तिचा ॲक्सल चाकाच्या केंद्रापेक्षा वर राहतो आणि खालून दगड निसटायला जागा मिळते. वेग शेवटचा कमी होतो तो चाकापाशीच, म्हणून मधल्या शाफ्टवर येणारा पीळही घटतो. मात्र या रचनेमुळे सगळी गाडीच थोडी उंचावते, आणि उंच गाडी आडव्या उतारावर लवकर कलंडते.

धातूचे भाग निवडताना पहिला विचार याच कलंडण्याचा करावा. एक घन सेंटिमीटर ॲल्युमिनियमचे वजन सुमारे २.७ ग्रॅम भरते, तर तेवढ्याच पितळेचे साडेआठ ग्रॅमच्या आसपास. चाकाजवळच्या गिअरपेटीची झाकणे पितळेची केली, की वाढलेले सारे वजन जमिनीलगत राहते, आणि ते स्प्रिंगांच्या खाली असल्यामुळे सस्पेन्शन दबतही नाही. पुढच्या चाकांवर थोडे अधिक वजन दिल्यास चढावर गाडीचे नाक उचलले जात नाही. हेच पितळ चासीच्या वरच्या भागात बसवले, तर खर्च करून गाडी बिघडवल्यासारखे होते. फरक मोजणे अवघड नाही: ट्रक फळीवर आडवा ठेवावा, फळीची एक कड हळूहळू उचलावी आणि वरची चाके फळी सोडतात तो कोन आधी आणि नंतर लिहून ठेवावा.

स्टिअरिंगचा प्रश्न वेगळा आहे. दोन दगडांत चाक अडकले, की सर्व्होचा, म्हणजे चाके वळवणाऱ्या छोट्या मोटरचा, जोर चाक वळवण्याऐवजी प्लास्टिकचा हॉर्न (सर्व्होवर बसणारा छोटा दांडा) आणि जोडदांडी वाकवण्यात खर्ची पडतो. तिथे ॲल्युमिनियमचा हॉर्न आणि पोलादी दांडी लावण्याचा उपयोग लगेच जाणवतो. परंतु सर्व्होच्या आतले गिअर प्लास्टिकचे असतील, तर हॉर्न बदलण्याआधी सर्व्हो बदलावा. पूर्वी हॉर्न लवून जो धक्का सोसत होता, तो आता थेट गिअरच्या दातांवर येतो. धातूचा प्रत्येक भाग आपल्यावरचा ताण शेजाऱ्याकडे ढकलतो, आणि कोणताही भाग मागवण्यापूर्वी तो शेजारी कोण आहे हे पाहणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

म्हणूनच बंपर आणि बॉडी धरणारे खांब प्लास्टिकचेच राहू द्यावेत. चांगले नायलॉन वाकून पुन्हा सरळ होते. ॲल्युमिनियम एकदा वाकले की तसेच राहते, आणि पुष्कळदा ते डोळ्यांना दिसतही नाही; बेअरिंग आवळले जाते, चाक जड फिरते आणि मोटर नेहमीपेक्षा अधिक तापू लागते, तेव्हा कुठे शंका येते.

आता जोडणी. प्लास्टिकमध्ये स्क्रू स्वतःच घट्ट रुततो. धातूच्या आट्यांत मात्र तो हादऱ्यांनी सैल होतो, म्हणून तिथे निळ्या रंगाचे मध्यम ताकदीचे थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू जागीच धरून ठेवणारा द्रव, एक थेंब पुरेसे आहे. ते लावण्यापूर्वी आट्यांवरचे तेल पुसून काढावे आणि द्रव प्लास्टिकवर सांडू देऊ नये, कारण त्याने काही प्रकारच्या प्लास्टिकला तडे जातात. पुढे कधी स्क्रू निघेना, तर त्याच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्नचे तापलेले टोक थोडा वेळ टेकवावे. थ्रेडलॉक मऊ पडते आणि ॲलन कीने स्क्रूचे डोके झिजण्याची वेळ येत नाही.

एका वेळी एकच भाग बदलावा आणि मग एक बॅटरी संपेपर्यंत गाडी खडकावर चालवून पाहावी. काढलेले मूळ भाग डबीत जपून ठेवावेत. नवा भाग न मानवल्यास त्याच संध्याकाळी ते परत बसवता येतात.