ट्रंकेतली निळी टोपी

श्रोतेहो, नमस्कार. देवळाली कॅम्पात आमच्या गल्लीत एक निवृत्त सुभेदार राहतात. त्यांच्या ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, एक आकाशी निळी टोपी जपून ठेवलेली आहे. काँगोत गोमा शहरात संयुक्त राष्ट्रांच्या, म्हणजे यूएनच्या, शांतिसेनेत होते, तेव्हाची. "तिथं काय करायचात?" विचारलं, तर म्हणाले, "गस्त. आणि गोळी कधी चालवायची नाही, त्याची घोकंपट्टी."

ही घोकंपट्टी जुन्या शांतिसेनेची. सायप्रसमध्ये 1964 पासून निळ्या टोप्या ग्रीक आणि तुर्की वस्तीच्या मध्ये उभ्या आहेत. आपले जनरल थिमय्या तिथल्या शांतिसेनेचे प्रमुख असतानाच 1965 मध्ये वारले. बांधावरून भांडणाऱ्या भावांमध्ये गावातलं जाणतं माणूस बसावं, तसं हे काम. भांडण मिटत नाही, पण कुऱ्हाडी खाली राहतात.

पण बांधच नसला तर? पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात समोर दुसरं सैन्य नव्हतं. रस्त्यात पुरलेले सुरुंग होते. दहा वर्षांत 300 हून अधिक शांतिसैनिक गेले, आणि 2023 मध्ये तिथल्या सरकारनंच त्यांना निघायला सांगितलं. काँगोत 2013 साली सुरक्षा परिषदेनं सशस्त्र टोळ्यांवर चाल करून जाणारी तुकडीच उभारली. म्हणजे मध्ये बसलेला माणूस भांडणात उतरला. मग त्याला जाणतं कोण म्हणणार? बरं, ठरावावर हात वर करणारे एक, आणि उन्हात उभे राहणारे नेपाळ, रवांडा, बांगलादेश, भारताचे. हे मला तरी खटकतं.

लायबेरियाचं मात्र आवर्जून सांगते. 2007 मध्ये भारतानं तिथं फक्त महिलांचं पोलीस पथक पाठवलं. यूएनच्या इतिहासातलं ते पहिलंच. राजधानी मनरोव्हियाच्या अंधाऱ्या रस्त्यांवर या बायका रात्रीची गस्त घालायच्या. त्यांना बघून तिथल्या मुली पोलिसात भरती होऊ लागल्या. तक्रार घेऊन ठाण्याची पायरी चढताना बाईचा पाय अडखळू नये, हे बंदुकीनं होत नाही; त्याला वर्षं लागतात, आणि पैसा नेमका तिथंच आटतो.

जानेवारी 2025 मध्ये एम-23 च्या बंडखोरांनी गोमा घेतलं, शहरात शांतिसेना असताना. सुभेदारांनी ती बातमी मोबाइलवर दोनदा पाहिली. त्यांच्या चौकीसमोर एक बाई केळी विकायची, रोज "जांबो", म्हणजे नमस्कार, म्हणायची. "ती कुठं गेली असेल हो?" एवढंच त्यांनी मला विचारलं.