पैसे नेमके कशाचे मिळाले?

नमस्कार श्रोतेहो.

समाजमाध्यमांवर काही चेहरे आपण रोज बघतो. वर्षभर ते आपल्याशी गप्पा मारतात आणि एक दिवस हातात बाटली धरून सांगतात, "मी तर हेच वापरते." याचे पैसे मिळाले असतील का, ही शंका हल्ली कुणालाही येते. मिळाले असतील असं धरूनच चाला. पैसे घेऊन मालाबद्दल बोलण्यात गैर काही नाही, गैर आहे ते लपवणं. आपल्या कामाचा प्रश्न मात्र त्याच्या पुढचा आहे: पैसे नेमके कशाचे मिळाले? कारण पैसा ज्या वाटेनं येतो, त्या बाजूला बोलणं झुकतं.

पहिली वाट ठरावीक मोबदल्याची. एका व्हिडिओचे अमुक इतके. माल खपो न खपो, रक्कम हातात पडते. त्यामुळे अशा माणसाला "आत्ताच घ्या" म्हणत तुमच्या मागे लागावं लागत नाही. पण शब्द त्याचे स्वतःचे असतीलच असं नाही. कंपनी मुद्दे लिहून देते, व्हिडिओ आधी मागवून पास करते, आणि अमुक दिवस दुसऱ्या कंपनीच्या मालाचं नाव काढायचं नाही अशी अटही करारात असू शकते. म्हणून दुसऱ्या मालाबद्दल तो गप्प आहे, यावरून तो माल वाईट असा अर्थ काढू नका.

दुसरी वाट कमिशनची. सर्वांत सांभाळून राहायची ती हीच. सवलतीच्या कोडमध्ये त्या व्यक्तीचं नाव असेल, तर बहुधा प्रत्येक विक्रीमागे तिचा वाटा असतो. लिंकचंही तसंच. ती उघडल्यावर पत्त्याच्या शेपटाकडे बघा. प्रश्नचिन्हानंतर रेफ, टॅग, अ‍ॅफ अशी इंग्रजी अक्षरं आणि पुढे एखादं नाव दिसलं, तर ती हिशेबाची खूण. लिंक दाबली की ब्राउझरमध्ये कुकी नावाची छोटी नोंद बसते आणि ठरलेल्या मुदतीत खरेदी झाली तर वाटा मिळतो. अ‍ॅमेझॉनवर ही मुदत साधारण २४ तासांची असते. "शेवटचे काही तास उरलेत" ही घाई कुणाच्या सोयीची, ते यावरून लक्षात येईल.

तिसरी वाट फुकट आलेल्या मालाची. रोख काही मिळालेलं नसतं, त्यामुळे आपण अगदी निःपक्षपाती आहोत असं बोलणाऱ्यालाही मनापासून वाटतं. पण कंपनीच्या यादीत नाव टिकलं तरच पुढचं खोकं येतं. असा माणूस सहसा खोटं बोलत नाही, फक्त दोषांचे कोपरे घासून गोल करतो.

या वाटा एकत्रही येतात. अमेरिकेतल्या लॉर्ड अँड टेलर या दुकानसाखळीनं ५० फॅशन इन्फ्लुएन्सरना, म्हणजे समाजमाध्यमांवरच्या अशाच चेहऱ्यांना, एकच ड्रेस फुकट दिला, वर प्रत्येकाला १,००० ते ४,००० डॉलर दिले आणि मार्च २०१५ मधल्या एका ठरवलेल्या वीकएंडला इन्स्टाग्रामवर फोटो टाकायला लावले. दुकानाचं नाव आणि हॅशटॅग घालायची अट करारात होती. पैसे मिळाल्याचं सांगा, अशी अट नव्हती. ड्रेस संपला. २०१६ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेनं कंपनीवर ठपका ठेवला. यातून घ्यायची खूण सोपी आहे: एरवी एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच जण एकाच आठवड्यात एकाच वस्तूबद्दल एकसारखं बोलू लागले, की ती मोहीम.

जाहिरातीची पाटी कुठे शोधायची? इन्स्टाग्रामवर नावाखाली "पेड पार्टनरशिप" दिसतं. यूट्यूबवर व्हिडिओ सुरू होताना काही सेकंद सशुल्क प्रचाराची सूचना येते आणि जाते. दोन्ही नसतील तर मजकुराखालचं "मोअर" दाबून शेवटपर्यंत वाचा. जाहिरातीचा हॅशटॅग पंधरा हॅशटॅगांच्या मागे उभा असतो, किंवा स्टोरीत पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरांत. "अमुक कंपनीचे आभार" हे मुद्दाम मोघम ठेवलेलं वाक्य समजा. शिवाय फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीची अ‍ॅड लायब्ररी, म्हणजे जाहिरातींचा संग्रह, सर्वांना खुली आहे. तिथे कंपनीचं नाव टाकलं की फेसबुक-इन्स्टाग्रामवर चालू असलेल्या जाहिराती दिसतात. काल सहज म्हणून समोर आलेली रील तिथे सापडली, तर ती कंपनी पैसे भरून लोकांपर्यंत पोचवते आहे.

फॉलोअरच्या आकड्यानं दबून जाऊ नका. तो विकत मिळतो. फॉलोअर आणि लाइक विकणाऱ्या डेव्हुमी या कंपनीवर अमेरिकेत २०१९ मध्ये कारवाई झाली ती त्यासाठीच. शेवटच्या दहा-बारा पोस्ट घ्या, लाइक आणि कमेंट मिळून सरासरी काढा. १ लाख फॉलोअर आणि सरासरी १५० प्रतिसाद, म्हणजे हजारात दीड माणूस हलला. मोठ्या खात्यांचं हे प्रमाण मुळात कमी असतं, म्हणून तुलना त्याच विषयातल्या, तेवढ्याच आकाराच्या खात्याशी करा. सोशल ब्लेडसारख्या साइटवर फॉलोअर कसे वाढले ते दिसतं. एका रात्रीत हजारो वाढले आणि त्या काळात एकही पोस्ट गाजलेली नाही, तर संशय घ्या. अर्थात बक्षीस योजनेमुळेही अशी उडी दिसते, मग पुढचे काही आठवडे आकडा हळूहळू घसरत जातो. इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या तीन ठिपक्यांत "अबाउट धिस अकाउंट" असतं. खातं कधी उघडलं आणि नाव कितीदा बदललं, ते बऱ्याच खात्यांबाबत तिथे कळतं. आधी विनोदांचं असलेलं खातं अचानक गुंतवणुकीचं झालं असेल, तर ते विकलं गेलं असण्याची शक्यता मोठी.

पण खरे फॉलोअर म्हणजे खरं बोलणं नव्हे. म्हणून दावा कोणत्या जातीचा आहे ते पाहा. कपडा अंगावर कसा बसतो, हेडफोनचा आवाज कसा आहे, बॅगेत किती मावतं, हे पैसे घेणाराही नीट दाखवू शकतो, कारण ते समोर दिसतं. दहा दिवस वापरून "वर्षानुवर्षं टिकतं" म्हणता येत नाही. क्रीमचा परिणाम दाखवणाऱ्या आधी-नंतरच्या फोटोंत प्रकाशाची दिशा एकच आहे का ते बघा. चेहऱ्यामागची दारा-खिडकीची रेघ वाकलेली असेल, तर फिल्टर लावलेला असू शकतो. औषध आणि पैसा या दोन बाबतींत पाटी असली तरी थांबा. अमेरिकी टीव्ही तारका किम कार्दाशियन यांनी २०२१ मध्ये एका क्रिप्टो, म्हणजे आभासी, चलनाबद्दल टाकलेल्या पोस्टमध्ये जाहिरातीचा हॅशटॅग होता, पण त्यासाठी २,५०,००० डॉलर मिळाल्याचं नव्हतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियंत्रकाकडे १२ लाख ६० हजार डॉलर भरून त्यांना ते प्रकरण मिटवावं लागलं.

यूट्यूबवर कमेंट वाचताना क्रम बदलून सर्वांत नव्या कमेंट वर आणा. "टॉप" मध्ये कौतुक साठतं, तक्रारी नव्या कमेंटमध्ये सापडतात. मग त्या व्यक्तीच्या चॅनलवर भिंगाचं चिन्ह दाबून वस्तूचं नाव शोधा. तीन महिन्यांनी तीच वस्तू, पैसे न घेता, टेबलावर अर्धी संपलेली दिसते का? की तेवढ्यात दुसरीच "एकमेव आवडती" आली? सांगितलेला दोषही पारखा. "इतकं छान आहे की लवकर संपतं" हा दोष कंपनीनंच लिहून दिलेला असू शकतो. "तेलकट त्वचेला हे घेऊ नका" असं म्हणणारा माणूस काही गिऱ्हाइकं स्वतःहून परत पाठवतो. कमिशनवर असूनही तो असं म्हणत असेल, तर त्याचं बाकीचं बोलणंही लक्ष देऊन ऐका.

आणि एवढं पाहून वस्तू घ्यायचीच ठरली, तर अशा माणसाच्या लिंकवरून घेण्यात सहसा तुमचं जास्त काही जात नाही, वाटा विक्रेता देतो. फक्त कोड टाकण्याआधी कोडशिवायची किंमत दुसऱ्या दोन ठिकाणी पाहून घ्या. आधी वाढवून मग उतरवलेली किंमत तिथेच पकडली जाते.