रॉकेट परत आलं, पण स्वस्त कशामुळे झालं?

नमस्कार मंडळी!

[पडद्यावर: उतरलेल्या फाल्कन ९ बूस्टरचा फोटो]

हा फाल्कन ९ चा बूस्टर, म्हणजे स्पेसएक्स कंपनीच्या या रॉकेटचा खालचा, पहिला टप्पा. त्याचा हा खालचा काळा भाग बघा. ही काजळी रॉकेटची स्वतःचीच आहे. परत येताना बूस्टर इंजिनं खाली ठेवून, आपल्याच धुरातून उतरतो. वरचा पट्टा मात्र बराच पांढरा दिसतो ना? तिथे आत द्रवरूप ऑक्सिजनची टाकी असते. ती इतकी गार असते की बाहेरून हिमाचा थर चढतो आणि काजळीला रंगावर धड बसूच देत नाही. मला हा फोटो फार आवडतो.

फाल्कन ९ मध्ये एकूण दहा इंजिनं. त्यातली नऊ या बूस्टरमध्ये. इंधनाचा खर्च या यंत्राच्या मानाने किरकोळ आहे, आणि तरीही वर्षानुवर्षं जवळपास सगळी रॉकेट्स एकदा वापरून टाकून दिली जात होती.

आता उतरायचं कसं, ते सांगतो. हा सगळ्यात भारी भाग आहे. टाक्या जवळपास रिकाम्या झाल्यावर बूस्टर इतका हलका होतो की एकच इंजिन, तेही अगदी कमी जोरावर चालवलं, तरी त्याचा रेटा बूस्टरच्या वजनापेक्षा जास्त भरतो. म्हणजे हवेत थांबून, अंदाज घेऊन, अलगद टेकायची सोयच नाही. इंजिन चालू राहिलं तर बूस्टर पुन्हा वर जायला लागेल! म्हणून वेग शून्य आणि उंची शून्य, दोन्ही एकाच क्षणी साधावं लागतं. इंजिन जरा उशिरा पेटलं तर आपटणार, जरा लवकर पेटलं तर जमिनीच्या वरच वेग संपणार. डिसेंबर २०१५ मध्ये हे पहिल्यांदा जमलं. मार्च २०१७ मध्ये वापरलेला बूस्टर पुन्हा उडाला.

पण थांबा. परत आणणं काही नवीन नव्हतं. नासाच्या स्पेस शटल या यानाचे दोन्ही बूस्टर पॅराशूटने समुद्रात उतरायचे. जहाजं त्यांना ओढून आणायची, खारं पाणी धुऊन काढायचं, भाग सुटे करायचे, मग रेल्वेने पार अमेरिकेतल्या युटा राज्यापर्यंत पाठवून पुन्हा इंधन भरायचं. शटलच्या अंगावर वीस हजारांहून जास्त उष्णतारोधक फरशा, त्याही तपासायच्या. यान पुन्हा उडायचं, पण खर्च काही उतरला नाही. माझ्या मते खरी मेख इथे आहे: दोन उड्डाणांच्या मध्ये किती काम पडतं?

आणि फुकट तर काहीच मिळत नाही. परतीसाठी इंधन राखून ठेवावं लागतं, पाय आणि जाळीदार पंख वाहून न्यावे लागतात, तेवढा माल कमी जातो. स्पेसएक्सचे प्रमुख इलॉन मस्क यांनी २०२० मध्ये हिशेब सांगितला होता: मालाची घट ४० टक्क्यांच्या आत, परत आणून डागडुजी करायचा खर्च १० टक्क्यांच्या आत. म्हणजे दुसऱ्या उड्डाणाला साधारण बरोबरी, तिसऱ्यापासून फायदा. आज काही बूस्टर तीसहून जास्त वेळा उडालेत.

राहिलं ते दहावं इंजिन. ते वरच्या टप्प्यात असतं, कक्षेच्या वेगाने जातं, आणि त्या वेगातून खाली आणायचं तर उष्णता कितीतरी पटींनी जास्त. फाल्कन ९ चा तो टप्पा अजूनही प्रत्येक उड्डाणाला नवा बनवावा लागतो.